शिवलीलाचा पेपर

"बाई, माझा पेपर तुम्ही वाचलात काय?"

सातवीचा तास संपला होता. जेवणाची घंटा झाली तशा पोरी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून, भिंतीच्या कडेकडेने निघून गेल्या होत्या. वर्ग रिकामा झाला असं समजून मी टेबलावरचं पुस्तक मिटत होते. हा आवाज टेबलाच्या पलीकडून, अगदी जवळून आला.

"कोण, शिवलीला?"

"हां बाई."

"वाचला की. चौतीस मिळालेत तुला. मघाशी सांगितले ना सगळ्यांचे."

"सांगितलात." ती जागची हलली नाही. "शेवटचा उत्तर पण वाचलात काय?"

"शेवटचं उत्तर," मी म्हणाले. सवयच ती.

"शेवटचं उत्तर. निबंधाचं."

"वाचलं. बरं लिहिलंयस. शुद्धलेखनाकडे बघ जरा."

मग "बरं बाई" म्हणाली आणि चपला ओढत निघाली. दारापाशी थांबली असावी. चपलांचा आवाज मध्येच तुटला आणि मग व्हरांड्यातून पुढे गेला.

मी तिचा पेपर वाचला नव्हता. तिचाच काय, चौदापैकी एकीचाही वाचला नव्हता.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी जन्मापासून आंधळी. सोलापूरकडच्या मुलींच्या एका अंधशाळेत मी तेव्हा एकवीस वर्षं मराठी शिकवत होते. आमचं वाचन बोटांवर. उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीवरून धावतं, डाव्या हाताचं पुढच्या ओळीची सुरुवात धरून ठेवतं. मी लहानपणी शाळेत सगळ्यांत जलद वाचायचे. लग्नानंतर यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ब्रेल मीच शिकवलं. ते पंधराव्या वर्षी गोवरात दृष्टी गेल्यावर थेट खुर्च्या विणायला लागले, शाळा अशी झालीच नव्हती.

आदल्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. शेवटचं औषध आठवड्यातून एकदा असं बारा वेळा द्यायचं होतं. चौथ्या-पाचव्या वेळेला बोटांना मुंग्या यायला लागल्या. नवव्या वेळेपर्यंत मुंग्यांच्या खालचं सगळं निघून गेलं होतं. बोट कागदावर ठेवलं की जाड गोधडीवरून हात फिरवल्यासारखं वाटे. खाली काहीतरी आहे एवढं कळे, काय आहे ते कळत नसे.

डॉक्टर भले होते. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नसांवर परिणाम होतो या औषधाचा. काहींची संवेदना हळूहळू परत येते, काहींची पूर्ण येत नाही."

"डॉक्टर, मी बोटांनी वाचते."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "प्रमिलाताई, तुम्ही वाचलात, हे केवढं मोठं आहे."

घरी आल्यावर लोक नारळ घेऊन भेटायला यायचे आणि तेच म्हणायचे, वाचलात हो बाई, देवाची कृपा. जीव राहणं आणि अक्षर लागणं, दोन्हीला आपल्या भाषेत एकच शब्द आहे. मला एक मिळालं होतं. दुसऱ्याबद्दल कुणापुढे रडगाणं गायचं म्हणजे कृतघ्नपणा वाटायचा. तवा भाजला तरी उशिरा कळायचं. तांदळातला खडा बोटाला लागायचा नाही, दाताखाली यायचा. पायांचंही तेच. एकदा एक चप्पल रस्त्यात निसटली आणि घरी येईपर्यंत मला पत्ताच नाही. हे सगळं मी गंमत म्हणून सांगायचे. बोटांचं मात्र कुणालाच सांगितलं नाही.

दिवाळीनंतर शाळेत रुजू झाले. सातवीचं पुस्तक नऊ वर्षं तेच होतं. मला पहिल्या धड्यापासून शेवटच्या कवितेपर्यंत तोंडपाठ. पुस्तक समोर उघडायचं, दोन्ही हात ओळीवर ठेवायचे आणि म्हणत जायचं. मध्ये मध्ये अंदाजाने पान उलटायचं. पोरींना काही कळलं नाही, अशी माझी खात्री होती. वर्षभरात बोटं येतील परत, तोवर निभावून नेऊ असं मनाशी धरलं होतं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला आले, तेव्हा निभावायची सोय संपली.

चौदा गठ्ठे, हजेरीच्या क्रमाने लावलेले. पहिल्यावर मी अर्धा तास बोट घासलं. नाव लागलं नाही. दुपारभर बसले, कपाळाला घाम आला. तेव्हा उठून इनामदार मॅडमना, आमच्या मुख्याध्यापिकांना, सांगायला हवं होतं. त्या डोळस, पण शाळेत वीस वर्षं काढलेल्या. त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण आठ महिन्यांची रजा झालेली, त्यातून परत आलेय, आणि आता सांगायचं की मला अक्षर लागत नाही? अंधशाळेत मराठीच्या बाईला? मग मी, बदली बाईंनी दिलेले आणि रुजू झाल्यावर मला कळलेले सहामाहीचे गुण आठवले आणि ते दोन इकडे, दोन तिकडे करून यादी तयार केली. लिहिता मला येत होतं. ब्रेलच्या पाटीवर टोच्याने ठिपके दाबायला बोटाला कळावं लागत नाही. आपणच लिहिलेलं परत वाचता येत नाही, एवढंच.

यास्मीन वर्गात पहिली, तिला ब्याऐंशी. शिवलीला अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली, घरी सगळं कन्नड. तिला सहामाहीला बत्तीस होते. दोन वाढवून चौतीस केले. वाढवले म्हणून मला बरंही वाटलं होतं.

आणि आता ती विचारून गेली होती.

मी मराठीच्या कपाटातून तिचा पेपर काढला. क्रमांक अकरा, मोजून. पिशवीत घातला आणि घरी आले. घर म्हणजे शाळेच्या मागच्या दोन खोल्या. हे पुढच्या खोलीत एका खुर्चीची बैठक विणत बसले होते. भिजवलेल्या वेताचा वास येत होता.

"लवकर आलीस?"

मी पाणी प्याले. उभ्या उभ्याच म्हणाले, "अहो, मला वाचता येत नाही."

वेत ओढायचा आवाज थांबला नाही. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुझी मासिकं टपालाच्या कागदातच पडून आहेत. सहा झाली. केर काढणारी कोंडाबाई विचारत होती, रद्दीत घालू का म्हणून. राहू दे म्हटलं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील."

मी खाली बसले आणि पेपरांचं सांगितलं. आता मात्र आवाज थांबला.

"चौदाही?"

"चौदाही."

"हे वाईट केलंस, प्रमिला."

आमच्या सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला इतकं कडक कधी बोललेलं आठवत नाही. थोड्या वेळाने ते सरकत माझ्याजवळ आले, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "आण तो पेपर. मी बघतो."

मी निबंधाची पानं काढून दिली. शेवटची दोन. वेताने त्यांच्या बोटांची कातडी टणक झालेली. ते आधीच सावकाश वाचणारे.

"मा... झा... माझा. आ... आ... थांब हां. आ... व..."

दहा मिनिटांत तीन शब्द झाले. त्यांचा श्वास जोरात चालला होता. मला ते ऐकवेना. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या. या गतीने दिवाळी येईल."

ते हसले नाहीत. त्यांनी पानं मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आमच्या कार्यशाळेत एक हणमंतप्पा होते. मी नवीन होतो तेव्हाचे. डोळेही गेलेले आणि महारोगाने बोटंही गेलेली. बोटं म्हणजे होती, पण त्यांना विस्तव कळायचा नाही."

"मग?"

"ते वाचायचे."

"कशाने?"

"ओठाने."

मी म्हणाले, "शी."

"त्यांना शी वाटायचं नाही. दुपारी सगळे जेवून लवंडले की ते कोपऱ्यात बसायचे. कागदाचा आवाज यायचा फक्त. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, बाळा, देवाने कातडं सगळीकडेच दिलंय."

माणसाने पुस्तक तोंडाला लावायचं, आणि मी, जिची बोटं ओळीवर धावताना बघायला शाळातपासणीचे इन्स्पेक्टर यायचे. हे उठले. चाचपत दारापाशी गेले.

"मी बाहेर ओट्यावर बसतो," ते म्हणाले. "कुणी आलं तर सांगतो, बाई झोपल्यात." आणि दार ओढून घेतलं.

बराच वेळ मी नुसती बसून होते. मग पदराने ओठ पुसले. कोरडे हवेत. ओलावा लागला की ठिपके बसतात. पान दोन्ही हातांनी धरलं आणि खालचा ओठ पहिल्या ओळीच्या सुरुवातीला टेकवला.

आधी नुसत्याच गुदगुल्या झाल्या. मी पान खाली घेतलं. पुन्हा लावलं. आणि मग तीन ठिपके, वेगळे वेगळे, स्वच्छ. म.

मी तशीच थांबले. पुढे जायचा धीर होईना. सात महिन्यांनी मला एक अक्षर भेटलं होतं, आणि ते 'म' आहे याबद्दल मला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

पुढचं सगळं फार सावकाश झालं. ओळ सुटायची. मान अवघडायची. चेहरा किती सरकवायचा याचा अंदाज येत नव्हता. दोन शब्दांनंतर पुन्हा ओठ पुसायचा. निबंधाचा विषय होता, माझा आवडता तास. मी दोन पानं वाचली तेव्हा शाळेत संध्याकाळची प्रार्थना चालू होती. शिवलीलाने जसं लिहिलं होतं तसंच मला अजून पाठ आहे.

'माझा आवडता तास मराठी आहे. मला मराठी येत नाही तरी आवडतो. आमच्या घरी कन्नड बोलतात. बाई आजारी होत्या तेव्हा दुसऱ्या बाई होत्या. आता आमच्या बाई परत आल्या. पण बाई आता वाचत नाहीत. पाठ म्हणतात. धडा चालू असताना आम्ही सगळ्या मुली पान उलटतो आणि नंतर बाईंचा पान उलटतो. पहिले बाईंचा आधी उलटायचा. बाईंच्या बोटाचा आवाज पण येत नाही, पहिले येत होता. मी कुणाला सांगितले नाही. बाईंनी हा पेपर वाचला तर मी चुकले. मग मला मार्क कमी द्यावे. बाईंनी नाही वाचला तर मी बरोबर आहे. मग मी बाईंना रोज वाचून दाखवीन. माझा मराठी पण सुधारेल.'

हे आत आले तेव्हा मी पान छातीशी धरून बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. कप माझ्या हातात देताना माझी बोटं नीट त्याच्या कानाला लावून दिली, आणि मग विचारलं, "काय लिहिलंय पोरीने?"

मी त्यांना म्हणून दाखवलं. दोन ठिकाणी विसरले, तेव्हा पान पुन्हा ओठाला लावून बघितलं. त्यांच्यादेखत. मला लाज वाटली नाही.

"हुशार आहे," ते म्हणाले.

"मी तिला चौतीस दिलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृह रिकामं व्हायला लागलं होतं. मे महिन्याची सुट्टी. व्हरांड्यात पत्र्याच्या ट्रंका सरकत होत्या, कुणाचे वडील, कुणाचे मामा न्यायला आले होते. शिवलीलाचे वडील बाहेर नळावर पाणी भरून घेत होते. ती ट्रंकेवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"शिवलीला, तुझा पेपर वाचला मी."

"कधी बाई?"

"काल. तू विचारलंस त्याच्यानंतर. त्याच्या आधी वाचला नव्हता. खोटं बोलले मी तुझ्याशी."

मग हळूच, "मला वाटलंच होतं."

"मग विचारलंस कशाला?"

"विचारून बघावं वाटलं." तिने ट्रंकेच्या कडीशी चाळा केला. "बोटं बरी झाली काय तुमची?"

"नाही. ओठाने वाचला."

"ओठाने?" ती विचार करत राहिली. "गुदगुल्या होतात काय?"

"सुरुवातीला होतात."

ती हसली. आवाज न करता, पण खांद्याला खांदा लागला होता म्हणून कळलं. मग एकदम तिला आठवलं. "म्हणजे वाचलात तुम्ही. मग मी चुकले. मार्क कमी होणार."

"तू लिहिलंस तेव्हा बरोबर होतीस. मार्क आता मी देणारच नाही. दुसऱ्या बाई तपासतील. सगळ्यांचे पेपर."

"सगळ्यांचे का?"

"मी एकीचाही वाचला नव्हता."

"यास्मीनचा पण?"

"यास्मीनचा पण."

"तिला ब्याऐंशी दिलात."

"अंदाजाने दिले."

हे तिला माझ्या बोटांपेक्षा जड गेलं असावं. नळाची धार बंद झाली. "तिला राग येईल, बाई," ती शेवटी म्हणाली.

"येऊ दे. यायलाच पाहिजे. तुला नाही आला?"

"आला होता. चौतीस ऐकून आला होता." मग जरा थांबून, "काल आला होता. आता जास्त नाही."

तिचे वडील आले. त्यांनी मला नमस्कार केल्याचं, हातातल्या किल्ल्या बांगड्यांसारख्या वाजल्या त्यावरून कळलं. कन्नडमध्ये तिला काहीतरी म्हणाले. गाडीची वेळ झाली असावी. ती उठली.

"बाई, 'बाईंचा पान' चुकलंय ना? 'बाईंचं पान'."

"'बाईंचं पान'. आणि 'माझा मराठी' नाही, 'माझं मराठी'."

"माझं मराठी," ती म्हणाली. "जूनमध्ये येते मी. चहा झाल्यावर, पाच वाजता चालेल काय?"

"चालेल."

तिला फेरतपासणीत अठ्ठावन्न मिळाले. यास्मीनला शहात्तर, आणि ती दोन महिने माझ्याशी नीट बोलली नाही. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात अजून आहे आणि योग्यच आहे. पुढची दोन वर्षं मला पेपर तपासायला दिले नाहीत. शिवलीला दहावीपर्यंत रोज पाच वाजता येऊन वाचायची. आधी ती सहा मासिकं संपवली. बोटांचं म्हणाल तर उजव्या अंगठ्याच्या कडेला थोडं परत आलं, तेवढ्याने पाकिटावरचं नाव लागतं. पाय तसेच राहिले. दोनदा पडले, एकदा मनगट मोडलं. मुंग्या अजून आहेत. थंडीत जास्त. घरात काही वाचायचं असलं तर मी ओठाने वाचते, आणि हे समोर असले तरी वाचते. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी ती वडिलांबरोबर फाटकाकडे गेली आणि मी वळून शाळेच्या इमारतीकडे निघाले. कार्यालयाला सहा पायऱ्या आहेत. एकवीस वर्षं मी त्या पायांनी ओळखून चढले होते. आता पायाला पायरी कळत नव्हती, म्हणून कठडा धरून, मोजत चढले. मी मोजतेय हे कुणी ऐकलं तर ऐकू दे म्हणून तोंडाने मोजत चढले.

दार उघडंच होतं. आत इनामदार मॅडम टंकलेखन यंत्रावर निकालाचे तक्ते करत होत्या. माझी चाहूल लागताच थांबल्या.

"या प्रमिलाताई. तब्येत बरी ना?"

दिवाळीपासून त्या मला रोज हे विचारत होत्या, आणि मी रोज, बरी आहे, म्हणत होते.

"नाही, मॅडम," मी म्हणाले. खुर्ची चाचपून बसले. "ते तक्ते बाजूला ठेवता का? सांगायला जरा वेळ लागेल."